घडणावळ वेगळी लिहा

सराफाकडचं बिल कधी नीट वाचलंय? त्यात सोन्याचं वजन वेगळं लिहिलेलं असतं, त्या दिवसाचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. बांगडीवर ९१६ हा आकडा आणि हॉलमार्कचा शिक्का असतो. शंका आली तर तीच बांगडी दुसऱ्या सराफाकडे नेऊन तपासता येते. घडणावळ जास्त वाटली तर आपली आई काउंटरवर बसून घासाघीस करते. सोन्याच्या शुद्धतेबद्दल तिने प्रश्न विचारला, तर "ताई, तुमच्या हाताला अजून सोनं कळत नाही" असं तिला कोणी ऐकवत नाही. ऐकवलं तर ती उठून शेजारच्या दुकानात जाईल.

महागड्या इअरफोनच्या बाजारात मात्र रोज हेच ऐकवलं जातं. तिथे वजन, भाव आणि घडणावळ एकाच आकड्यात गुंडाळलेली असते, वर शिक्का कुणाचाच नसतो, आणि तुम्ही शंका काढलीत तर दोष तुमच्या कानाचा ठरतो.

बोलतोय ते इन-इअर मॉनिटरबद्दल, म्हणजे आयईएमबद्दल. ही मुळात स्टेजवरच्या वादकांची वस्तू. भोवती प्रचंड आवाज असताना स्वतःचं वाजवणं नीट ऐकू यावं, आणि कानही वाचावेत, म्हणून कानाच्या नळीत घट्ट बसणारा इअरफोन. एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ साली ईआर-४ आणला, तोही श्रवणयंत्रांत वापरल्या जाणाऱ्या तंत्रातून. पुढे १९९५ च्या सुमारास जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी असे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे हे हत्यार होतं. कामगाराच्या पान्यासारखं.

आज या हत्याराच्या किमती पाहा. सेव्हन हर्ट्झ कंपनीचा झीरो टू साधारण २५ डॉलरला आला. सिक्स्टी-फोर ऑडिओचा टिया फोर्टे ३,५९९ डॉलरला, एम्पायर इअर्सचा ओडिन ३,३९९ डॉलरला. आपल्या रुपयांत एका टोकाला दोन-अडीच हजार आणि दुसऱ्या टोकाला तीन लाखांच्या घरात. जवळपास १४४ पट फरक.

माझं म्हणणं सरळ आहे. या १४४ पटींमध्ये आवाज किती आणि घडणावळ किती, हे विकणाऱ्याने आणि त्याहून जास्त समीक्षा करणाऱ्याने वेगवेगळं सांगितलं पाहिजे. आवाजाची पातळी न जुळवता, किंमत आणि ब्रँड डोळ्यांसमोर ठेवून केलेला "हा आवाज वेगळ्याच लेव्हलचा आहे" हा निवाडा आपण निवाडा म्हणून स्वीकारणं बंद केलं पाहिजे. ती जाहिरात असेल, आठवण असेल, प्रेमपत्र असेल. परीक्षण नाही.

मोजलं तेव्हा काय दिसलं

२०१७ साली येरून ब्रेबार्ट यांचा एक छोटा शोधनिबंध अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांनी २८३ हेडफोनची मोजमापं घेतली. त्यात कानावर बसणारे होते, कानाभोवती बसणारे होते आणि कानात जाणारेही होते. पाहायचं होतं ते एवढंच की फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि बाजारातली किंमत यांचा काही मेळ लागतो का. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे खर्जापासून अतितार स्वरापर्यंत कोणता सूर किती जोरात वाजतो त्याचा आलेख. इअरफोनचा स्वभाव मुख्यतः याच आलेखात असतो. निष्कर्ष निबंधाच्या शीर्षकातच आहे: संबंध नाही.

त्याच वर्षी शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास कानात घालायच्या इअरफोनवर काम मांडलं. ३० मॉडेल, ७१ श्रोते. त्यात ऐकण्याचं प्रशिक्षण घेतलेले होते, तसेच साधे श्रोतेही. मॉडेल प्रत्यक्ष कानात घालायला दिली असती तर आकारावरून, वजनावरून ओळख पटली असती. म्हणून प्रत्येक मॉडेलचा मोजलेला आलेख एकाच चांगल्या इअरफोनवर इक्वलायझरने उतरवला आणि श्रोत्यांना गुण द्यायला सांगितले. प्रत्येकाच्या कानात तो नीट घट्ट बसलाय ना, हेही तपासलं. दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांनी साधारण एकाच तऱ्हेच्या आवाजाला पसंती दिली, आणि त्या आवाजापासून मॉडेल जितकं लांब, तितके त्याचे गुण कमी झाले. ऑलिव्ह हरमन कंपनीत होते आणि हरमन स्वतः हेडफोन विकते, हे ध्यानात ठेवूनच हे वाचा. पण पद्धत उघड आहे. कुणालाही ती पुन्हा करून पाहता येते.

आता यातली अडचण आधीच सांगतो, कारण ती तुम्हाला कुणीतरी सांगणारच आहे. इक्वलायझरने आलेखाची नक्कल होते, इअरफोनची नाही. "टेक्निकॅलिटी" म्हणून जे काही असतं ते या प्रयोगात निसटतं, असा आक्षेप आहे. आक्षेप घेण्याजोगा आहे, मान्य. पण मग ज्याला ही निसटलेली गोष्ट ऐकू येते त्याने ती न पाहता, पातळी जुळवून, दहापैकी नऊ वेळा ओळखून दाखवावी. तीन लाखांचा माल विकणाऱ्या उद्योगाला एवढा प्रयोग करणं अवघड नाही. तो करून जाहिरातीत छापण्याची घाई कुणाला दिसत नाही.

यावर समजूतदार लोक मधला मार्ग काढतात. म्हणतात, "बरोबर आहे, वर जाल तसा परतावा घटत जातो." हे वाक्य फार सभ्य वाटतं आणि म्हणूनच फसवं आहे. घटता परतावा म्हणजे आवाज वाढतच जातो, फक्त हळूहळू. प्रत्यक्षात तेवढीही हमी नाही. महाग मॉडेल अनेकदा मुद्दाम वेगळ्या चवीची केलेली असतात: कुठे खर्ज फुगवलेला, कुठे गायकाचा आवाज मागे ढकललेला. ती चव तुम्हाला आवडेल किंवा नावडेल. ती वरच्या पायरीवर आहे असं म्हणायला आधार नाही.

कान कसा फसतो

यात कान मूर्ख आहे असं काही नाही. कान जसा घडलाय तसाच वागतो.

पहिली गोष्ट आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं की आवाज जसा वाढतो तसा आपल्या कानाचा खर्जाबद्दलचा समतोल बदलतो. हळू आवाजात खर्ज पातळ वाटतो, मोठ्या आवाजात भरीव. म्हणून एखादी गोष्ट थोडी जोरात वाजली की ती "जोरात" वाटण्याऐवजी "चांगली" वाटते. एका डेसिबलचा फरकही पुरतो. आता दोन आयईएमच्या संवेदनशीलतेत पाच-दहा डेसिबलचा फरक सहज असतो. फोनचा व्हॉल्यूम तोच ठेवून एक काढला आणि दुसरा घातला, तर जो जास्त जोरात वाजतो तो जिंकणार. दुकानातल्या डेमोत नेमकं हेच होतं आणि विक्रेता म्हणतो, "बघा दादा, फरक कळला ना?" फरक कळतोच. तो व्हॉल्यूमचं बटण दोनदा दाबूनही कळला असता.

दुसरी गोष्ट फिटिंग. कानाची नळी आणि रबरी टिप यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी खर्ज गायब होतो. किती लोक आपल्या इअरफोनला "पातळ आवाजाचा" ठरवून नवा घेतात, जेव्हा त्यांना फक्त एक आकार मोठी टिप हवी असते. टिपांचं पाकीट काही शे रुपयांना मिळतं. त्यावर तासाभराचे व्हिडिओ निघत नाहीत.

तिसरी गोष्ट डोळे. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसत असताना. दिसायला लागल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घटले. हे श्रोते हरमनचेच कर्मचारी होते, म्हणजे या विषयातले आडाणी नव्हते. त्यामुळे "मला किमतीचा फरक पडत नाही, मी अनुभवी आहे" असं कुणी म्हणालं तर त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याची गरज नाही. अनुभवाने या बाबतीत संरक्षण मिळत नाही, इतकंच.

पळवाटांची साखळी

समजा तुम्ही तीन महिने पैसे साठवून एक महागडं मॉडेल घेतलंत आणि ते तुम्हाला काही खास वाटलं नाही. आता प्रश्न विचारून पाहा. उत्तरं ठरलेली आहेत.

आधी सांगतील, शंभर तास वाजवा, बर्न-इन होऊ द्या. शंभर तासांत परत करण्याची मुदत संपते. शिवाय कानात घातलेली वस्तू स्वच्छतेच्या कारणावरून बरेच जण परत घेतच नाहीत. शंभर तासांत मुख्यतः बदलतो तो तुमचा मेंदू. कोणत्याही आवाजाची त्याला सवय होते, जशी नव्या भाड्याच्या खोलीतल्या पंख्याच्या घरघरीची होते.

मग सांगतील, सोर्स कमी पडतोय. डोंगल घ्या, डॅक घ्या, वेगळा प्लेअर घ्या. मग सांगतील, केबल बदला, चांदीची घ्या. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी जास्त असते. तांब्याची तार किंचित जाड घेतली की हिशेब मिटला. सव्वा मीटर लांबीत यापलीकडे काही जादू घडत नाही.

इथे एक अपवाद न्यायाने सांगायला हवा. अनेक ड्रायव्हर असलेल्या काही आयईएमचा रोध प्रत्येक सुरागणिक वरखाली होतो. अशा वेळी फोनचा किंवा अँपचा आउटपुट रोध जास्त असेल तर आलेख खरोखर बदलतो. कारण गूढ नाही. शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने तो बदल कागदावर काढता येतो, आणि कमी रोधाच्या साध्या डोंगलने मिटतोही. ज्या फरकाचं कारण सांगता येतं तो फरक स्वस्तात दुरुस्त होतो. महाग राहतात ते फरक ज्यांचं कारण कुणी सांगत नाही.

आणि ड्रायव्हरची संख्या. ईआर-४ मध्ये एका कानाला एकच ड्रायव्हर होता. सिक्स्टी-फोर ऑडिओच्या यू-१८टी मध्ये एका कानाला १८ आहेत. कामाची विभागणी करून चांगला आलेख काढता येतो हे खरं, पण जितके ड्रायव्हर तितकं त्यांचे सांधे जुळवण्याचं काम वाढतं. संख्या ही अभियंत्याने निवडलेली वाट आहे. तिच्यावरून मुक्काम कळत नाही. मिसळीत किती कडधान्यं घातली यावरून तर्री कशी झालीय ते सांगता येतं का?

या साखळीची शेवटची कडी ठरलेली असते: तुमचे कान अजून तयार नाहीत. पाहा, इथवर येईपर्यंत वस्तू चुकीची असण्याची शक्यता कुणी एकदाही उच्चारली नाही. जी गोष्ट कोणत्याही परिस्थितीत चुकीची ठरू शकत नाही, तिच्याबद्दल केलेल्या विधानात माहिती शून्य असते.

जवारी आणि 'एअर'

शब्दांचं वावडं मला नाही. आवाजाबद्दल बोलायला शब्द लागतातच, आणि आपल्याकडे ते उत्तम आहेत. खर्ज, घुमारा, गोलाई, आस, कणसूर, टोकदार, चिरका. तंबोऱ्याची जवारी घ्या. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला की एका जागी आवाज उघडतो, एका तारेतून स्वरांचा पिसारा निघतो. दोरा थोडा हलवला की तो मिटतो. शेजारी बसलेल्या नवशिक्यालाही हे ऐकू येतं, आणि चुकीच्या जागी "लागली" म्हणालात तर गुरुजी मान हलवतात. जवारी हा शब्द जिवंत आहे कारण तो चुकू शकतो. त्याच्यामागे एक दोरा आहे, एक जागा आहे, आणि दुसऱ्याचा कान आहे.

आता इअरफोनच्या समीक्षेतले शब्द ऐका. पडदा उठला. पार्श्वभूमी काळीभोर. स्टेज होलोग्राफिक. तारसप्तकात हवा. नोट्सना वजन. यातल्या काही शब्दांमागे खरंच काहीतरी असतं. "हवा" म्हणजे बहुतेकदा १० हजार हर्ट्झच्या वरचा भाग थोडा उचललेला. "पडदा" म्हणजे अनेकदा दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा खड्डा. तसं असेल तर तसं लिहा ना. वाचणारा इक्वलायझर उघडून तो भाग वरखाली करेल आणि तुमचं म्हणणं पटतंय का ते पाहील. तुमचा शब्द जवारीच्या दोऱ्यासारखा तपासता येईल.

पण तसं लिहिलं की एक पंचाईत होते. दहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग उचलायला फोनमधलं फुकटचं अॅप पुरतं. "हवा" विकत घ्यायला मात्र दीड लाख लागतात. म्हणून शब्द धूसर ठेवण्यात कुणाचं हित आहे हे सांगायला नको.

कानसेन या शब्दाची आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात. पण जुन्या मैफलींतला कानसेन कशावरून ओळखला जायचा? समेवर त्याची दाद अचूक पडायची यावरून. बेसूर झालं तर त्याच्या कपाळावर आठी पडायची यावरून. घरी कोणत्या कंपनीचा ग्रामोफोन आहे यावरून नाही. वस्तू विकत घेऊन कानसेन होता येतं, ही कल्पना आपण बाजाराकडून उसनी घेतली आहे.

आलेखाची पूजाही नको

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील. आलेख पाहायचा, टार्गेट कर्व्हशी जुळतो का बघायचं, संपलं. त्यांनीही थोडं थांबावं.

आयईएमचा आलेख माणसाच्या कानात काढत नाहीत. तो कपलर नावाच्या धातूच्या कृत्रिम नळीत काढतात. तिचं प्रमाण ठरलेलं आहे, आयईसी ६०३१८-४. ती सरासरी कानाची नक्कल आहे, तुमच्या कानाची नाही. इअरफोन नळीत किती आत गेला यावर आठ हजार हर्ट्झच्या आसपासचं एक शिखर सरकतं. तुमची नळी आखूड असेल, वाकडी असेल, तुम्ही टिप उथळ घालत असाल, तर आलेखात दिसणारं शिखर तुमच्या कानात दुसरीकडेच असेल. खालच्या आणि मधल्या भागासाठी आलेखावर बराच भरवसा ठेवता येतो. वरच्या टोकाला तो अंदाज आहे. आणि टार्गेट कर्व्ह म्हणजे अनेकांच्या पसंतीची सरासरी. सरासरी मापाचा बूट सगळ्यांना बसत नाही.

पण हा युक्तिवाद महागड्या समीक्षेच्या मदतीला धावून येतो असं कुणाला वाटत असेल, तर उलट आहे. कान वेगवेगळे आहेत म्हणूनच समीक्षकाने वरच्या सुरांबद्दल लिहिलेली विशेषणं ही त्याच्या कानाच्या नळीची विशेषणं आहेत. त्याला "रेशमी" वाटलेला भाग तुम्हाला टाचणीसारखा टोचू शकतो. आलेख निदान सर्वांसाठी एकाच नळीत काढलेला असतो, त्यामुळे दोन मॉडेलची तुलना तरी होते. विशेषणांत तेही नाही.

आंबट द्राक्षं

"परवडत नाही म्हणून जळतोस," हे उत्तर मला माहीत आहे. कोल्ह्याची गोष्ट आपण सगळे बालवाडीत शिकलोय. पण द्राक्षं आंबट आहेत की गोड हा प्रश्न कोल्ह्याच्या उंचीने सुटत नाही. कुणीतरी एक घड खाली काढून डोळे मिटून चाखावा लागतो.

ज्याच्याकडे पैसे आहेत आणि ज्याला सुंदर वस्तू आवडते, त्याने तीन लाखांचा आयईएम जरूर घ्यावा. हाताने रंगवलेलं कवच, टायटॅनियमची नळी, कानाच्या साच्यावर बेतलेलं अंग, दोन्ही बाजूंची काटेकोर जुळणी, मोडलं तर दुरुस्त करून देणारा कारागीर. यात खरी मेहनत आहे आणि मेहनतीला मोल असतं. पैठणी घेणारी बाई ती जास्त ऊब देते म्हणून घेत नाही, आणि तसं सांगतही नाही. रोज स्टेजवर उभं राहून पोट भरणाऱ्या गायकासाठी साच्यावरचा आयईएम तर कामाचं साधनच आहे. ही सगळी घडणावळ. ती अभिमानाने लिहा. फक्त तिला सोन्याच्या वजनात मिसळू नका.

माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. ही समीक्षा वाचतं कोण? ज्याचा पहिला पगार नुकताच खात्यात पडलाय तो. संगीतावर खरं प्रेम असलेला, लोकलमध्ये दीड तास उभा राहून गाणी ऐकणारा. ऐकून बघायची सोय त्याच्या गावात नाही, लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत गेला तरी सीलबंद खोका कोणी उघडून देणार नाही. म्हणून तो शब्दांवर विसंबतो. शब्द लिहिणाऱ्याला नमुना फुकट आलेला असतो, खरेदीच्या दुव्यावर कमिशन असतं, आणि पुढचा नमुना यायचा असेल तर फार कडक लिहून चालत नसतं. यात कुणी लबाड असण्याचीही गरज नाही. व्यवस्थाच अशी आहे की गोड शब्द सोपे जातात. आणि तो मुलगा हप्त्यांवर वस्तू घेतो, मनासारखं ऐकू आलं नाही तर आपलाच कान कमी आहे असं समजून गप्प बसतो, आणि पुढच्या महिन्यात केबल शोधायला लागतो. दर महिन्याला हप्ता जातो. त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या ऐकण्यावरचा विश्वास जातो. ज्याला आपल्या कानावर भरवसा उरला नाही तो संगीत ऐकेल कसा? तो उपकरण ऐकत बसतो. एकच तीस सेकंदांचा तुकडा, पुन्हा पुन्हा, झांजेच्या शेपटीसाठी.

मग करायचं काय

आधी हातात आहे तो इअरफोन नीट बसवा. सगळ्या आकारांच्या टिपा घालून पाहा, दोन्ही कानांना वेगवेगळा आकार लागू शकतो. मग फोनवर इक्वलायझर घ्या. अँड्रॉइडवर वेव्हलेटसारखी अॅप आहेत. ऑटोइक्यू हा खुला प्रकल्प हजारो मॉडेलांसाठी तयार दुरुस्त्या फुकट देतो. त्या वापरून सुरुवात करा आणि पुढे स्वतःच्या कानाला पटेल तसं बदला. दोन-तीन हजारांच्या सुमाराला आज असे आयईएम मिळतात ज्यांचा आलेख मुळातच चांगला आहे. त्यावर जाऊन जास्तीचा खर्च करायचा तर आधी स्वतःला विचारा, मी कशाचे पैसे देतोय: आवाजाचे, टिकाऊपणाचे, फिटिंगचे की देखणेपणाचे? चारही उत्तरं चालतील. मात्र उत्तर एकाचं आणि पैसे दुसऱ्याचे, असं व्हायला नको.

एक प्रयोग घरी करता येतो. एकाच इअरफोनवर इक्वलायझरची दोन प्रोफाइल करा, दोन्हींची पातळी कानाला सारखी वाटेपर्यंत जुळवा, आणि फोन मित्राच्या हातात द्या. त्याने नाणं उडवून एक लावायचं, तुम्ही ओळखायचं. दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११ असते. त्यामुळे नऊ जमले तर फरक खरा माना. डोंगल, फाइलचा प्रकार, सगळं असंच तपासता येतं. ज्या फरकावर तुम्ही शपथ घ्यायला तयार होतात तो सहाव्या फेरीत कसा विरघळतो हे पाहणं मजेचं असतं. आणि एखादा फरक टिकतोही. तेव्हा मिळणारा आत्मविश्वास कुठल्याच समीक्षेतून मिळत नाही.

आणि एका गुणाबद्दल ही सगळी समीक्षा जवळजवळ मुकी आहे: बाहेरचा आवाज किती अडतो. गाडीच्या खडखडाटात आवाज आत येत राहिला की आपण व्हॉल्यूम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलला. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे साधारण चार तास, १०० डेसिबलला वीस मिनिटं. १२ ते ३५ वयाच्या शंभर कोटींहून जास्त जणांना यातून धोका आहे असं ही संघटना म्हणते. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. नीट बसलेल्या, बाहेरचं अडवणाऱ्या स्वस्त आयईएममुळे लोकलमध्ये कमी आवाजात ऐकता आलं, तर तो आवाजाच्या दर्जातला सगळ्यात मोठा फरक आहे, कारण त्यामुळे पन्नाशीत ऐकायला कान शिल्लक राहतात. दहा हजार हर्ट्झच्या वरची "हवा" ऐकायलाही तेच कान लागणार आहेत.

पुढच्या वेळी कुणी एखाद्या आयईएमबद्दल "याच्यापुढे बाकी सगळं खेळणं" असं लिहिलं, तर वाद घालू नका. दोनच प्रश्न विचारा. पातळी जुळवली होती का? न बघता ऐकलं होतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर त्याचं म्हणणं कान देऊन ऐका, कारण त्याने खरं काम केलंय. नसेल, तर ती घडणावळ समजा आणि तेवढाच भाव द्या.